पाय उडाला तरच सुई

ताईला आठवा महिना लागला होता तेव्हाची गोष्ट. पाय सुजले होते, डोकं ठणकत होतं आणि डोळ्यांपुढे काजवे चमकताहेत असं ती सकाळपासून म्हणत होती. रक्तदाब मोजला तर १७० वर ११०. नागपुरातल्या एका रुग्णालयाच्या प्रसूती कक्षात तिला त्याच दुपारी दाखल केलं. आत एकाच बाईला थांबू द्यायचे. आई दमली की मी जायचे.

दर चार तासांनी सिस्टर यायच्या. ट्रेमध्ये भरलेली सिरिंज आणि शेजारी एक रबरी हातोडी. सुई टोचायच्या आधी त्या ताईच्या गुडघ्याखाली हातोडी मारायच्या. पाय झटकन उडाला की मिनिटभर श्वास मोजायच्या, लघवीची पिशवी बघायच्या, मगच सुई. दुसऱ्या रात्री मी विचारलंच, "सिस्टर, दुखणं बीपीचं आन् तुम्ही गुडघा काऊन ठोकता?"

त्या हसल्या. "पाय उडाला तरच सुई. हे औषध म्हणजे मीठ आहे बेटा. अंगात जास्त झालं तर पहिले गुडघा गप होते, मंग श्वास, आन् सगळ्यात शेवटी हृदय. गुडघा गप झाला की आम्ही तिथंच थांबतो."

ताई आणि तिची मुलगी, दोघी सुखरूप घरी आल्या. "सगळ्यात शेवटी हृदय" हे शब्द मात्र माझ्या डोक्यात अडकून बसले. शेवटी का? हा लेख त्या प्रश्नामागे लागून वाचत गेले त्यातून झाला आहे.

आकडे काय सांगतात

ते मीठ म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. निरोगी माणसाच्या रक्तद्रवात मॅग्नेशियम साधारण ०.७ ते १ मिलिमोल प्रति लिटर असतं. गरोदरपणातले झटके, ज्याला डॉक्टर एक्लॅम्पसिया म्हणतात, ते रोखायला ते २ ते ३.५ पर्यंत चढवतात. म्हणजे दुप्पट, तिप्पट, कधी त्याहून जास्त. ३.५ ते ५ च्या दरम्यान गुडघ्याचा झटका नाहीसा होतो. ५ ते ६.५ च्या आसपास श्वास मंदावतो. हृदय बंद पडायची भीती १२.५ च्या पुढे.

गुडघा आधी का थांबतो, हे समजायला सोपं आहे. मज्जातंतूच्या टोकाला कॅल्शियम आत शिरलं की पुढच्या स्नायूला निरोप जातो. बाहेर मॅग्नेशियमची गर्दी झाली की कॅल्शियमची वाट अडते आणि निरोप पोचत नाही. म्हणून तर जास्त झालेल्या मॅग्नेशियमवर उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेटचं इंजेक्शन जवळ ठेवलेलं असतं.

पण हृदयाचं काय? त्याच्या भोवतीही तेच रक्त वाहतं. रक्तात मॅग्नेशियम तिप्पट झालं तर हृदयाच्या पेशीतही ते तिप्पट व्हायला हवं. तसं होत नाही. आतली पातळी फार हळू आणि फार थोडी हलते. बाहेर पूर आलेला असताना पेशी आपलं अंगण कोरडं ठेवते. हे ती कसं करते, ते कळायला शंभर वर्षं लागली.

मॅंगनीज नाही, मॅग्नेशियम

आधी नावाचा घोळ मिटवू. नागपूरकराला 'मॅंग...' ऐकलं की मॅंगनीज आठवतं, आणि ते बरोबरच आहे. मनसर, कांद्रीच्या खाणी जवळ, 'मॉईल'चं मुख्यालय शहरातच. १८९६ साली 'सेंट्रल प्रॉव्हिन्स प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट' म्हणून सुरू झालेली ही कंपनी. मॅंगनीज आणि मॅग्नेशियम ही दोन वेगळी मूलद्रव्यं, पण दोघांची नावं ग्रीसमधल्या मॅग्नेशिया या एकाच भागावरून आली. गोंधळ जुनाच आहे.

मॅग्नेशियम सल्फेटची गोष्ट मात्र इंग्लंडमधल्या एप्सम गावची. सांगतात की १६१८ च्या उन्हाळ्यात तिथल्या एका गुराख्याची तहानलेली गुरं एका डबक्यातलं पाणी प्यायला तयार होईनात. पाणी कडू होतं. ते आटवून जे मीठ मिळालं ते दोन-तीन शतकं लोक पोट साफ करायला घेत राहिले. १७५५ साली स्कॉटलंडच्या जोसेफ ब्लॅक यांनी मॅग्नेशिया हा चुन्याहून वेगळा पदार्थ आहे हे दाखवलं आणि १८०८ साली हम्फ्री डेव्ही यांनी विजेच्या जोरावर त्यातला धातू वेगळा काढला.

नळाच्या पाण्याने केलेला घोटाळा

हृदयाला कोणती मिठं लागतात, हा प्रश्न लंडनच्या सिडनी रिंगर यांनी पहिल्यांदा नीट विचारला. वॉर्डात डॉक्टर, उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत. बेडकाचं हृदय काढून ते मिठाच्या पाण्यावर किती वेळ धडधडतं, हे ते बघत असत. १८८२ साली त्यांनी छापलेल्या निबंधात साध्या मिठाच्या पाण्यावर हृदय बराच वेळ चालल्याची नोंद होती. पुढच्याच वर्षी त्यांनी स्वतःची चूक छापून कबूल केली. ते पाणी शुद्ध नव्हतं, लंडनच्या न्यू रिव्हर वॉटर कंपनीच्या नळाचं होतं. त्यात कॅल्शियम होतं. ऊर्ध्वपातित पाणी वापरल्याबरोबर हृदय दमून थांबलं.

त्या चुकीतून रिंगरचं द्रावण जन्माला आलं. पुढे अमेरिकेतल्या अलेक्सिस हार्टमन यांनी त्यात लॅक्टेट घातलं आणि आपण ज्याला 'आरएल' म्हणतो ती बाटली तयार झाली. उन्हाळ्यात नागपुरात कुणाला ऊन लागलं, जुलाब झाले की हातात जी सुई लागते तिच्या दुसऱ्या टोकाला बहुधा तीच बाटली असते. तिच्यात सोडियम आहे, पोटॅशियम आहे, कॅल्शियम आहे. मॅग्नेशियम नाही.

ते नसलं तरी हृदय लगेच थांबत नाही. सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम यांत बदल केला की हृदय ताबडतोब वेगळं वागतं. बाहेरचं मॅग्नेशियम काढून घेतलं तर बराच वेळ काही झाल्यासारखं दिसत नाही. जे काढल्यावर काही बिघडत नाही त्याच्याकडे कोण बघणार? म्हणून कॅल्शियमवर ढीगभर संशोधन झालं आणि मॅग्नेशियम मागे राहिलं. पेशीच्या आत त्याचा मोठा साठा आहे आणि पेशी तो सहजी बाहेर जाऊ देत नाही, हे तेव्हा कुणाला मोजताच येत नव्हतं.

गोदाम आणि गल्ला

साठा कशासाठी, याचं उत्तर १९२९ सालापासून उलगडत गेलं. त्या वर्षी जर्मनीत कार्ल लोहमान यांनी, आणि अमेरिकेत सायरस फिस्के व भीमावरमहून तिकडे गेलेल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी एटीपी शोधलं. पेशीचं चलन म्हणजे एटीपी. पण हे चलन एकटं चालत नाही. एटीपीवर ऋण प्रभार असतो, त्याला मॅग्नेशियमचा अणू चिकटून बसतो आणि तेव्हाच पेशीतली बहुतेक यंत्रं ते स्वीकारतात. नोटेवर सही असावी तसं. हृदय मिनिटाला सत्तर वेळा आकसतं आणि प्रत्येक वेळी या सहीच्या नोटा खर्च करतं.

हृदयपेशीतलं एकूण मॅग्नेशियम लिटरमागे १७ ते २० मिलिमोलच्या घरात जातं. पण मोकळं फिरणारं असतं जेमतेम १ च्या आसपास. बाकीचं एटीपीला, प्रथिनांना चिकटलेलं किंवा पेशीतल्या कप्प्यांत ठेवलेलं. दुकानाच्या मागे गोदाम भरलेलं असावं आणि गल्ल्यात सुट्टे थोडेच असावेत, तसा हा कारभार.

गल्ल्यातले सुट्टे महत्त्वाचे, कारण पेशीच्या विजेच्या दारांवर त्यांचाच हात असतो. १९८७ साली जपानमध्ये आणि अमेरिकेत स्वतंत्रपणे दाखवलं गेलं की हृदयपेशीतलं एक पोटॅशियमचं दार आतल्या मोकळ्या मॅग्नेशियममुळे एकाच दिशेला सहज उघडतं. दुसऱ्या दिशेला मॅग्नेशियम बोळ्यासारखं त्यात जाऊन बसतं. कॅल्शियमच्या दारावरही त्याचा दाब आहे. सुट्टे थोडे कमी-जास्त झाले की ठोक्याचा आकार बदलतो.

आता खरा पेच. विश्रांतीच्या वेळी हृदयपेशीच्या आतली बाजू बाहेरच्या मानाने सुमारे ८० मिलिव्होल्टने ऋण असते. मॅग्नेशियमवर दोन धन प्रभार. त्यामुळे ते आत ओढलं जातं. किती? भौतिकशास्त्राचं गणित मांडलं तर आत बाहेरच्या सुमारे ४०० पट मॅग्नेशियम साचल्यावर ही ओढ शमेल. बाहेर मोकळं ०.६ असेल तर आत २४०. प्रत्यक्षात आहे १ च्या आसपास. म्हणजे कुणीतरी सतत, रात्रंदिवस, मॅग्नेशियम उपसून बाहेर टाकतंय.

राखणदाराचा शोध

उपसणारा कोण हे शोधायचं तर आधी पेशी न फोडता आतलं मोकळं मॅग्नेशियम मोजता यायला हवं. पेशी फोडली की गोदाम आणि गल्ला एक होतात. १९८० च्या सुमारास राज गुप्ता आणि सहकाऱ्यांनी त्यावर तोड काढली. चुंबकीय अनुनादाने जिवंत पेशीतल्या एटीपीचा फॉस्फरस वाचायचा. मॅग्नेशियम चिकटलेलं एटीपी आणि मोकळं एटीपी यांच्या खुणा वेगळ्या दिसतात. त्यांच्या प्रमाणावरून सुट्टे किती याचा हिशोब लागतो. १९८९ साली मॅग-फ्युरा नावाचा चमकणारा रंग आला आणि एकेका पेशीतलं मॅग्नेशियम सूक्ष्मदर्शकाखाली बघता येऊ लागलं.

राखणदाराचा माग मात्र हृदयात नाही, रक्ताच्या पेशीत लागला. १९८४ साली बर्लिनमध्ये थिओडोर ग्युंथर आणि सहकाऱ्यांनी पक्ष्यांच्या तांबड्या पेशी मॅग्नेशियमने भरल्या आणि पाहिलं की बाहेर सोडियम असलं तरच त्या ते बाहेर टाकतात. दाराशी अदलाबदल चालली होती. सोडियम आत घ्यायचं आणि त्याच्या उताराच्या जोरावर मॅग्नेशियम बाहेर लोटायचं. १९८७ साली योआखिम फोरमान आणि ग्युंथर यांना उंदराच्या धडधडत्या हृदयातही असाच व्यवहार दिसला. १९९६ साली एडिंबराच्या पीटर फ्लॅटमन यांच्या गटाने हृदयाच्या सुट्या पेशींवर हे पडताळलं. बाहेरचं सोडियम काढून घेतलं की आतलं मॅग्नेशियम चढू लागतं. परत दिलं की उतरतं.

मधल्या काळात एक वेगळी गंमत झाली. १९९० साली आंद्रेया रोमानी आणि अँटोनियो स्कार्पा यांनी 'नेचर'मध्ये दाखवलं की अॅड्रेनालिनच्या जातीच्या संप्रेरकांनी हृदय चेतवलं तर ते काही मिनिटांत बरंच मॅग्नेशियम बाहेर सोडतं. तोपर्यंत समज असा होता की पेशीतलं मॅग्नेशियम जवळजवळ गोठलेलं असतं. घाबरलेल्या, धावणाऱ्या शरीराच्या हुकमावर गोदामातला माल हलतो, हे तेव्हा कळलं.

मग जनुकांचा काळ आला. २००१ साली टीआरपीएम-७ नावाचं दार सापडलं, ज्यातून मॅग्नेशियम आत येतं. त्याची खुबी अशी की आतलं मॅग्नेशियम वाढलं की ते स्वतःच मिटतं. टोकियोमधल्या मिचिको ताशिरो आणि मासातो कोनिशी यांनी पुढे उंदराच्या हृदयपेशीत मॅग्नेशियम आत येण्याची मुख्य वाट याच जातीच्या दारांची असल्याचं दाखवलं. बाहेर टाकणाऱ्या राखणदारांपैकी एसएलसी-४१-ए-१ हे प्रथिन २००३ साली ओळखलं गेलं आणि ते सोडियमच्या बदल्यात मॅग्नेशियम बाहेर काढतं हे २०१२ मध्ये स्पष्ट झालं.

म्हणजे एक दार, जे आत पुरेसं झालं की मिटतं. आणि एक राखणदार, जो जास्तीचं बाहेर टाकतो. राखणदाराला लागणारा सोडियमचा उतार टिकवायला सोडियम-पोटॅशियम पंप चालतो. पंपाला लागतं एटीपी, आणि एटीपीवर सही मॅग्नेशियमची. ज्याला बाहेर ठेवायचं त्याच्याच जिवावर ही राखण चालते.

पुन्हा प्रसूती कक्षात

या सगळ्याची वाट न बघता डॉक्टर हे मीठ वापरतच होते. १९०६ साली जर्मनीत एक्लॅम्पसियावर ते पहिल्यांदा वापरलं गेलं, १९२०च्या दशकात अमेरिकेत शिरेतून आणि स्नायूतून द्यायला सुरुवात झाली. डॅलसच्या जॅक प्रिचर्ड यांनी बसवलेली पद्धत जगभर गेली. आधी शिरेतून ४ ग्रॅम, दोन्ही कुल्ल्यांत ५-५ ग्रॅम, मग दर चार तासांनी ५ ग्रॅम. प्रत्येक वेळी गुडघा, श्वास, लघवी. लघवी यासाठी की जास्तीचं मॅग्नेशियम शरीराबाहेर काढायचं काम मूत्रपिंडाचं आहे. ते मंदावलं तर पेशींचे राखणदार किती पुरे पडणार?

भारतात मात्र बराच काळ मद्रासच्या कृष्ण मेनन यांचं 'लायटिक कॉकटेल' चालायचं. बाईला गुंगीत ठेवणारी तीन औषधं एकत्र. कोणतं बरं, याचा निकाल १९९५ साली लागला. भारतासह नऊ देशांतल्या १,६८७ बायकांवर झालेल्या चाचणीत मॅग्नेशियम दिलेल्यांना पुन्हा झटका येण्याचं प्रमाण डायझेपामपेक्षा ५२ टक्क्यांनी आणि फेनिटॉइनपेक्षा ६७ टक्क्यांनी कमी निघालं. २००२ च्या 'मॅगपाय' चाचणीत ३३ देशांतल्या १०,१४१ बायका होत्या. झटका यायच्या आधीच हे मीठ दिलं तर धोका निम्म्याहून कमी होतो, हे त्यातून सिद्ध झालं.

मग प्रश्न आला आपल्या बायकांचा. प्रिचर्ड यांचा डोस टेक्सासच्या बायकांसाठी ठरलेला. २००३ साली सोलापूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातून सुमन सरदेसाई आणि सहकाऱ्यांनी भारतीय बायकांच्या अंगकाठीला बेतलेली कमी मात्रेची पद्धत मांडली. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे आपल्या 'मेडिकल'मध्ये, आणि वेल्लोरला ३०० बायकांवर आणखी एक चाचणी झाली. ती २०१२ साली छापून आली. प्रश्न साधा होता. विजेशिवाय, नुसत्या स्प्रिंगवर चालणाऱ्या छोट्या पंपातून हे औषध हळूहळू दिलं तर बायकांना ते चालेल का? ताईला दर चार तासांनी ती जाड सुई घेताना पाहिलेल्या मला हा प्रश्न फार मोठा वाटतो.

जिथे राखणदार ऐकत नाही

प्रसूती कक्षातल्या यशाने हृदयरोगतज्ज्ञांनाही आशा लागली होती. १९९२ साली इंग्लंडमध्ये लेस्टरच्या २,३१६ रुग्णांवरच्या चाचणीत हृदयविकाराच्या झटक्यानंतर मॅग्नेशियम दिल्याने मृत्यू २४ टक्क्यांनी घटलेले दिसले. स्वस्त औषध, मोठा फायदा. तीन वर्षांत ५८,००० हून जास्त रुग्णांची प्रचंड चाचणी आली आणि तिच्यात फायदा दिसलाच नाही. वाद बराच चालला. औषध द्यायला उशीर झाला का, इथपर्यंत.

पेशीच्या बाजूने पाहिलं तर मला एक गोष्ट लक्षात येते. रक्तपुरवठा तुटला की एटीपी मोडतं आणि त्याला चिकटलेलं मॅग्नेशियम मोकळं होतं. उंदराच्या हृदयात काही मिनिटांतच सुट्टं मॅग्नेशियम दुपटीच्या वर गेल्याचं १९८९ मध्ये मोजलं गेलं होतं. तेव्हा गल्ला रिकामा नसतो, ओसंडत असतो. संपलेल्या असतात त्या नोटा. बाहेरून सुट्टे ओतून नोटा तयार होत नाहीत. हृदयाच्या ठोक्याच्या एका विशिष्ट जीवघेण्या बिघाडात, 'टॉर्साद द प्वांत'मध्ये, शिरेतून दिलेलं मॅग्नेशियम आजही आधी आठवतं. पण ते सगळ्या हृदयांवरचं औषध झालं नाही.

हे सांगायचं कारण म्हणजे आपला फोन. 'हृदयासाठी मॅग्नेशियम', 'झोपेसाठी मॅग्नेशियम' अशा रील्स मलाही येतात. शरीरातल्या सुमारे २५ ग्रॅम मॅग्नेशियमपैकी निम्म्याहून जास्त हाडांत असतं. रक्तात एक टक्काही नसतं. त्यामुळे रक्ताचा रिपोर्ट गोदामाचा हिशोब सांगत नाही, आणि गोळी गिळली म्हणून हृदयपेशी दार उघडत नाही. मूत्रपिंड अधू असलेल्याला तर त्या गोळीने धोकाच आहे.

दहा अँप्यूल

सरकारी मार्गदर्शक सूचनांनुसार गावातल्या आरोग्यसेविकेने एक्लॅम्पसियाच्या बाईला पहिला डोस तिथेच द्यायचा आणि मग मोठ्या रुग्णालयात पाठवायचं. एकेक ग्रॅमचे दहा अँप्यूल, पाच एका कुल्ल्यात, पाच दुसऱ्या. गडचिरोली किंवा गोंदियाच्या आतल्या गावातून नागपूरपर्यंतचा रस्ता किती तासांचा आहे, हे तिकडे राहणाऱ्याला सांगायला नको. त्या रस्त्यावर रक्त तपासायला कुणी नसतं. बाईच्या रक्तात मॅग्नेशियमचा पूर असतो आणि तिच्या हृदयाच्या कोट्यवधी पेशींत राखणदार आपलं काम करत असतात. त्यांच्या या चिवटपणामुळेच एवढा मोठा डोस निभावतो. आणि राखण कमी पडायच्या कितीतरी आधी गुडघा इशारा देतो.

ताईची फाईल आईने जपून ठेवली आहे. परवा ती उघडून पाहिली. एका पानावर हाताने आखलेला तक्ता आहे. वेळ, श्वास, लघवी, गुडघा. शेवटच्या रकान्यात निळ्या पेनाने आठ वेळा एकच शब्द लिहिलाय : आहे.